डोंगर तोच ठेवा, महिना बदला

प्रश्न : ताई, मी मूळची साताऱ्याची. गेल्या वर्षी बदली होऊन अलिबागला आले. घराच्या गच्चीवरून पूर्वेला सागरगडाचा डोंगर दिसतो, रोज कपडे वाळत घालताना समोर तोच. जुलैत एका रविवारी कार्यालयातल्या मंडळींबरोबर तिकडे गेले. पायथ्याच्या खंडाळे गावातून चढायला लागलो तेव्हाच दहा वाजून गेले होते. धबधब्यापाशी पाय ठेवायला जागा नाही इतकी गर्दी, त्यात दोन-तीन टोळक्यांचे स्पीकर. निम्मी मंडळी सिद्धेश्वराच्या देवळाशीच बसली, आम्ही चौघं पुढे गेलो. माचीच्या वर एवढं दाट धुकं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. गडावर पोचलो म्हणे! मला तट दिसला नाही की समुद्र दिसला नाही. जरा उभे राहतोय तोच खालून फोन, 'चला, जेवण थांबलंय.' उतरताना घसरून आपटले. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर जायची सवय होती, तरी इथे धाप लागली, त्याचंही मनाला लागलं. यजमान म्हणतात, बघितला ना एकदा, आता दुसरीकडे जाऊ. मला मात्र गच्चीत गेलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. परत जावं का? आणि परत जाऊनही तसंच झालं तर?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : जा. आणि दुसरीकडे नको, सागरगडावरच जा. डोंगर तोच ठेवा, महिना बदला.

त्या रविवारी तुम्ही गेलात ती धबधब्याची सहल होती. तुमच्या मनात मात्र गड होता. धोंदाण्याचा धबधबा पाहायला जाण्यात काहीच वावगं नाही, जुलैत तो असतोही तसाच देखणा. पण धबधबा आणि गड एका दिवसात साधत नाहीत. जुलैत दर्यावरून येणारे ढग इतके खाली उतरतात की जेमतेम साडेतेराशे फुटांचा सागरगड त्यांत पार बुडून जातो. मी अलिबागजवळच राहते. आषाढात आमच्या वाडीतून तो डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही. जो डोंगर खालून दिसत नाही, त्याच्या माथ्यावरून समुद्र कुठून दिसणार? तेव्हा तुमचं नशीब खोटं नव्हतं आणि गडही फसवा नव्हता. त्या महिन्यात तो असाच असतो.

स्पीकरबद्दल मलाही फार चीड आहे. पावसात डोंगरात जायचं ते ओढ्याचा आवाज ऐकायला. मध्येच एखादा शीळकरी कस्तूर माणसासारखी लांबलचक शीळ घालतो, ती ऐकायला. ते सगळं बुडवून टाकणाऱ्यांना कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. मी सांगते. बरेच जण ऐकतात, आवाज कमी करतात. तुम्हीही सांगा.

पावसाचंच आणखी एक सांगून ठेवते, कारण तुम्ही इथे नव्या आहात. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी आमच्या जिल्ह्यात कुठल्याच डोंगराच्या पोटाशी जायचं नाही. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी. माणसांसकट घरं दरडीखाली गेली. आणि साध्या पावसातही ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, पाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, की ओढा ओलांडायचा नाही. आहात तिथेच उंचावर थांबायचं.

आता तुमच्या धापेचं. सातारा शहरच मुळी समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांहून उंच आहे. तिथून अजिंक्यताऱ्याचा चढ हजारेक फुटांचा, आणि तोही गार हवेत. खंडाळं जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, त्यामुळे सागरगडाची सगळी उंची पायांनी चढावी लागते. पण खरं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे हवेत एवढा दमटपणा की घाम येतो तो वाळत नाही. घाम वाळला तर अंग थंड होणार. नुसता निथळत राहिला तर अंग तापतच जातं आणि छाती भात्यासारखी चालते. घाटावरची भली चालणारी माणसं कोकणात पहिल्या चढाला बसतात ती यामुळे. तुमचे पाय साताऱ्याचेच आहेत, काळजी करू नका. इथे चाल निम्म्याने कमी करायची, तहान लागायच्या आधी घोटघोट पाणी प्यायचं, आणि ऊन चढायच्या आत मोठा चढ संपवायचा. माणशी अडीच-तीन लिटर पाणी घ्या. त्यातल्या एका लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, चमचा चहाचाच धरा.

महिना कोणता, हे मात्र तुम्हाला काय पाहायचंय त्यावर ठरतं. गौरी-गणपतीच्या सुमाराला गेलात तर उतारावर तेरडा फुललेला असतो. आमच्याकडे पुष्कळ घरांत गौर म्हणून हाच तेरडा आणतात. त्याच्या मागोमाग सोनकी पिवळी होते. पण तेव्हाही ढग असतातच. पाऊस परतला की हवा धुतल्यासारखी होते, आणि समुद्र सगळ्यात स्वच्छ दिसतो तो तेव्हा, दिवाळीच्या मागेपुढे. त्यात अडचण गवताची. ते कमरेला, कुठे कुठे छातीला लागतं. पायवाट गडप होते, दगड दिसत नाही, सलवारीला वीत-वीत कुसळं चिकटतात आणि घरी आल्यावर तास-तास ती उपसत बसावं लागतं. चैत्र-वैशाखात करवंदं मिळतात, पण नऊच्या आत खाली उतरायची तयारी असेल तरच.

तुम्हाला गड पाहायचाय. म्हणजे तुम्ही पौषाच्या शेवटी किंवा माघात जा, जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा गवत वाळून बसलेलं असतं. श्रावणात ज्या जागी नुसतं हिरवं रान दिसतं, तिथे माघात दगडांची सरळ ओळ दिसायला लागते. तिच्या टोकाशी काटकोनात दुसरी ओळ फुटते, आणि कळतं की हे घराचं जोतं आहे. तिथे बसा जरा. दगड घडवलेला आहे की नुसता रचलेला, बोटांनी चाचपून बघा. छिन्नीचे घाव हाताला लागतात. (दगड उचलून मात्र बघू नका, खाली विंचू नाहीतर फुरसं असू शकतं.) तट बघाल तेव्हा तो कुठल्या बाजूला जाड आणि कुठे पातळ, हे बघत चाला. जिथे कडाच सरळ आहे तिथे तटाची गरज नसते. जिथून माणूस चढू शकतो तिथे बांधकाम केलेलं असतं. हे एकदा डोळ्यांत भरलं की पुढे कुठल्याही गडावर गेलात तरी उपयोगी पडतं.

हा गड लहान दिसतो पण मोलाचा होता. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हाही होता, खिरदुर्ग या नावाने. का, ते वर उभं राहिल्यावर समजतं. पश्चिमेला पाहिलं की अलिबागेसमोर कुलाबा किल्ला. त्याच्या उत्तरेला, थळच्या समोर, पाण्यात दोन ठिपके : दोन टेकड्यांची आणि दीपगृहाची ती खांदेरी, आणि किनाऱ्याच्या बाजूला ठेंगणी, पसरट ती उंदेरी. 1679 च्या पावसाळ्यात महाराजांनी खांदेरीवर बांधकामाला माणसं घातली. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं आणून वेढा दिला. महाराजांचा सरदार मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून राहिला आणि दौलतखानाचं आरमार नागावच्या बाजूने रसद पोचवत राहिलं. लगेच जानेवारी 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी धरली. पुस्तकात हे वाचताना मला नेहमी वाटायचं, एवढ्याशा दोन बेटांसाठी इतकी मारामारी कशाला? सागरगडावरून बघितलं की प्रश्न पडत नाही. एका बेटावर बसलेला माणूस दुसऱ्या बेटावरची चूल पेटलेली पाहू शकेल एवढं ते जवळ आहे, आणि मुंबईकडे जाणारं गलबत दोघांच्याही डोळ्यांसमोरून जाणार. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. थंडीत सकाळी समुद्रावर धुरकट पडदा असतो. ऊन वर आलं की तो विरळ होतो. म्हणून पोचल्या पोचल्या दिसलं नाही तर परत फिरू नका, सावलीत डबा खा आणि तासाभराने पुन्हा बघा.

गडाच्या टोकाला वानरटोक म्हणून सुळका आहे, तोही पाहून घ्या. पण कड्याच्या काठाशी वाळलं गवत भयंकर निसरडं असतं, तेव्हा लांबूनच.

सकाळी साडेसहाला खंडाळ्यात असा. अलिबाग-पेण रस्त्यावर उतरलं की गावातून वाट आहे. रमतगमत गेलात तरी अडीच-तीन तासांत वर जाल. माचीवर घरं आहेत. तिथे थांबून पुढची वाट विचारा, आणि घाईने नाही, दोन शब्द बोलून विचारा. गुरामागे रोज गडावर जाणारी माणसं आहेत ती, कुठलं टाकं अजून भरलेलं आहे, कुठे मधमाश्यांची पोळी लागलीत हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नसतं. कुणी बरोबर यायला तयार झालं तर आवर्जून घेऊन जा आणि त्याच्या दिवसाचे योग्य पैसे द्या. एकटीने जाऊ नका. मोठा घोळकाही नको. ज्या बाईला वर जाऊन तासभर गप्प बसता येतं अशी एखादी मैत्रीण बघा. सूर्यास्त वरून पाहायचा मोह होईल, पण थांबू नका. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर उजेड राहतो तो वीस-पंचवीस मिनिटं, आणि अंधारात उतरणं म्हणजे पाय मोडून घेणं. सूर्यास्त तुम्हाला अलिबागच्या पुळणीवर रोज आहेच.

उतरल्यावर खंडाळ्याच्या शेतांतून सावकाश या. भात निघाल्यावर तिथे पांढरा कांदा लावतात, भौगोलिक मानांकन मिळालेला आपला अलिबागचा गोडसर कांदा तो हाच. फेब्रुवारीच्या अखेरीला गेलात तर कांदा काढून वेण्या वळायचं काम चाललेलं दिसेल. घेऊन या एक माळ.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मला पटत नाही, हे त्यांना खुशाल वाचून दाखवा. रोज डोळ्यांसमोर असणारा डोंगर 'बघून झाला' असं होत नसतं. लांबच्या डोंगराला एकदा जाऊन आलं तर चालतं. घरासमोरचा डोंगर हा शेजार आहे, त्याच्याकडे वरचेवर जायचं असतं. आणि तसंच झालं तर, हे तुमचं भय. होऊ शकतं. एखाद्या दिवशी धुरकट हटणारच नाही, किंवा बरोबरचं माणूस दमेल आणि माचीवरूनच परतावं लागेल. म्हणून निघतानाच एक लहानशी गोष्ट ठरवून निघा, जी हवेवर अवलंबून नाही. एका जोत्याची लांबी पावलांनी मोजून वहीत काढायची, एवढी पुरे. ते झालं की दिवस फुकट गेला असं वाटत नाही, आणि समुद्र दिसला तर तो वरचा लाभ. जाऊन आलात की कळवा, मी वाट बघतेय.

प्रश्न : ताई, वय 66, एसटीतून निवृत्त. यंदा आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाबरोबर रायगडला गेलो. लहानपणापासूनची इच्छा. रोप-वेने पाच मिनिटांत वर, दीड तासात राजसदर, बाजारपेठ, समाधी, पुन्हा खाली. घरी आल्यावर मुलाने विचारलं, कसा होता रायगड, तर मला सांगताच येईना. एवढी वर्षं वाट पाहिली आणि मन कोरडंच राहिलं, याची लाज वाटते. आता या वयात पायऱ्यांनी जायचा हट्ट धरावा का? रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे अधूनमधून कुरकुरतात.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काका, लाज कसली? ज्या जागेची आयुष्यभर वाट पाहिली तिथे दुसऱ्याच्या घड्याळावर फिरावं लागलं, मन भरणार कसं? आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल : तुम्ही रायगडात मुख्य दरवाजातून शिरलाच नाहीत. रोप-वे हिरकणीवाडीहून सरळ वर मेणा दरवाजाच्या बाजूला नेऊन सोडतो. महादरवाजा त्या वाटेवर येतच नाही.

डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर हट्ट जरूर धरा. पण अर्धाच. पायऱ्यांनी चढा आणि रोप-वेने उतरा. लोक उलटं करतात, वर रोप-वेने जातात आणि उतरायला काय लागतंय म्हणून पायऱ्या धरतात. चढताना दम लागतो, तो बसलं की जातो. गुडघ्यांचं नुकसान उतरताना होतं, प्रत्येक पायरीला अंगाचा सगळा भार त्यांच्यावर आदळतो, आणि त्या पायऱ्या चौदाशेहून जास्त आहेत. उतरायचं तिकीट मिळतंय ना आणि शेवटची फेरी किती वाजता, हे निघण्याआधीच खिडकीवर विचारून ठेवा. वारा जोराचा असला तर रोप-वे बंद ठेवतात.

आदल्या दिवशी पाचाडला मुक्कामाला या. घरगुती सोय होते. संध्याकाळी जिजाऊंच्या समाधीपाशी जा, त्यांचा वाडाही तिथेच आहे. राज्याभिषेक 6 जून 1674 ला झाला आणि त्यानंतर बाराच दिवसांत त्या गेल्या, याच पाचाडला. आधी तिथे डोकं टेकून मग गड चढायचा, असं मला वाटतं. पहाटे चित दरवाजापासून निघा. वीस-पंचवीस पायऱ्या झाल्या की उभं राहायचं, बसायचं नाही, श्वास खाली आला की पुढे. एसटीत आयुष्य काढलेल्या माणसाला थांबे घेत जाणं काही शिकवायला नको. छातीत दडपल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच खाली बसा आणि 108 ला फोन करा, मनात कमीपणा आणू नका.

शेवटच्या टप्प्यात वाट वळते आणि दोन अजस्र बुरूज अंगावर येतात, पण त्यांच्यामधला दरवाजा समोर येईपर्यंत दिसत नाही. महादरवाजा असा दडवून बांधलाय की खालून तोफेचा गोळा त्याला लागू नये. कमानीच्या दोन्ही अंगांना कमळं कोरलेली आहेत. आत शिरल्यावर पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत, तिथे सावली असते. पोटभर बसा. हिरोजी इंदुलकरांनी हा गड बांधला. जगदीश्वराच्या देवळाच्या एका पायरीवर त्यांचं नाव कोरलेलं आहे, देवाचं दर्शन घ्यायला येणाऱ्या राजाचा पाय आपल्या नावावर पडावा म्हणून, असं सांगतात. मागच्या वेळी ती पायरी कुणी दाखवली नसेल तर या वेळी स्वतः शोधा.

राजसभेत सकाळी लवकर गर्दी नसते. मुलाला बरोबर घेऊन जा. त्याला सिंहासनाच्या जागेजवळ उभं करा, तुम्ही नगारखान्याच्या दाराशी उभे राहा आणि हळू आवाजात त्याच्याशी बोला. त्याला ऐकू येईल. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे; राज्याभिषेकाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत मात्र नको, तेव्हा पायऱ्यांवर रेटारेटी असते आणि तुम्हाला तुमच्या चालीने चढता येणार नाही.